येरवड्यात दीडशे, माझी एकतीस

मागच्या दोन भागांमध्ये आपण किल्ल्यांवर बोललो, त्यामुळे आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, हे काय मध्येच. पण झालंय असं की गेले काही महिने माझ्या डोक्यात एकच प्रश्न फिरतोय आणि त्याचा इतिहास शोधता शोधता मी जिथे पोचले, ती जागा माझ्या ऑफिसच्या रोजच्या वाटेवर निघाली.

तर प्रश्न असा. वर्षाला पन्नास पुस्तकं वाचायची, असं आपण ठरवतो. हे ‘वर्षाला अमुक इतकी’ प्रकरण आलं कुठून?

मी गेल्या एक जानेवारीला एका अॅपमध्ये पन्नास हा आकडा टाकला. का पन्नास? आठवड्याला एक, वरचे दोन आठवडे आजारपण आणि लग्नसराईचे. इंजिनिअर आहे, बफर ठेवल्याशिवाय झोप येत नाही. ऑक्टोबरच्या मध्यावर माझी एकतीस झाली होती आणि अॅप सांगत होतं की तुम्ही आठ पुस्तकं मागे आहात. तेव्हा मी जेल रोडनं जाणाऱ्या ऑफिसच्या बसमध्ये बसले होते, कानात एक पुस्तक पावणेदोन पट वेगानं चालू होतं आणि खिडकीबाहेर येरवडा तुरुंगाची भिंत सरकत होती.

हे चित्र लक्षात ठेवा. आपण परत तिथेच येणार आहोत.

आता अॅपचा इतिहास अगदी थोडक्यात, कारण तो तुम्हाला माहीत असेल. गुडरीड्स २००७ च्या जानेवारीत सुरू झालं. वर्षाच्या सुरुवातीला आकडा जाहीर करायचा आणि वर्षभर पट्टी पुढे सरकताना बघायची, हे त्यांचं आव्हान २०११ मध्ये आलं. २०१३ मध्ये अॅमेझॉननं ती कंपनी घेतली. त्याच्याही आधी, १९८४ मध्ये, अमेरिकेत पिझ्झा हटनं शाळांसाठी योजना काढली होती. बाईंनी ठरवून दिलेलं महिन्याचं वाचन पूर्ण केलं की मुलाला एक छोटा पिझ्झा फुकट. म्हणजे वाचनाला आकडा आणि आकड्याला बक्षीस, ही कल्पना काही स्मार्टफोनची नाही.

आणखी मागे गेलो तर १९०९ साल लागतं. हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट चाळीस वर्षांनी निवृत्त झाले. ते भाषणांत म्हणायचे की पाच फूट लांबीच्या फळीवर मावतील एवढी पुस्तकं रोज पंधरा मिनिटं वाचली तरी माणसाला चांगलं शिक्षण मिळेल. कॉलियर नावाच्या प्रकाशकानं ते वाक्य उचललं आणि खरोखरच पाच फुटांची फळी विकायला काढली. ती ‘हार्वर्ड क्लासिक्स’ची मालिका. सोबत एक वेळापत्रकही निघालं, वर्षातल्या प्रत्येक तारखेला काय वाचायचं ते सांगणारं. आपल्याला रात्री नऊ वाजता ‘आज वाचलंत का?’ अशी जी नोटिफिकेशन येते ना, तिची ही पणजी.

थांबा, पणजीवरून आठवलं. हे सगळं अमेरिकेचं म्हणून सांगत बसले, पण मुदतीत वाचन संपवायची सवय आपल्याकडे काय कमी जुनी आहे? सात दिवसांत ज्ञानेश्वरीचं पारायण. अठरा अध्याय, नऊ हजारांवर ओव्या, रोज कुठून कुठपर्यंत हे ठरलेलं. एक दिवस चुकला तर सप्ताह मोडला. याला अॅपच्या भाषेत स्ट्रीक म्हणतात. माझी आजी दर चातुर्मासात श्रीधरस्वामींचा ‘रामविजय’ लावायची. आषाढी एकादशीला सुरू, कार्तिकीला संपला पाहिजे. पुढच्या वर्षी पुन्हा तोच. तिनं आयुष्यभरात किती पुस्तकं वाचली, असं विचारलं तर प्रामाणिक उत्तर तीन किंवा चार येईल. आणि रामविजय किती वेळा वाचला, तर चाळीसच्या आसपास. आमच्या अॅपमध्ये आजी फारच मागे असती.

म्हणजे फरक मुदतीत नाही. पारायणात पुस्तक ठरलेलं असतं, ‘किती’ हा प्रश्नच नसतो. ‘किती’ आला तो यादी ठेवणाऱ्या माणसांबरोबर.

अशा माणसांमध्ये पहिला मान ग्लॅडस्टनचा. चार वेळा ब्रिटनचा पंतप्रधान झालेला हा गृहस्थ १८२५ पासून १८९६ पर्यंत रोजनिशी लिहीत होता आणि आज काय वाचलं हे तीत नोंदवत होता. अभ्यासकांनी मोजदाद केली, तर वीस हजारांहून जास्त शीर्षकं निघाली. त्यात छोट्या पुस्तिकाही आल्या, पण तरी वर्षाला पावणेतीनशेच्या वर जातात. ऐंशी ओलांडल्यावर त्यानं वेल्समधल्या हॉर्डन या गावी लोकांसाठी ग्रंथालय काढलं आणि स्वतःच्या संग्रहातली हजारो पुस्तकं तिकडे हलवली, त्यातली बरीच स्वतः हातगाडी ढकलत. ग्लॅडस्टनबद्दल मला आदर वाटतो, पण जवळीक वाटत नाही. वीस हजारवाल्या माणसाशी काय बोलणार?

डार्विनशी मात्र वाटते.

चार्ल्स डार्विन १८३८ पासून १८६० पर्यंत वाचनाच्या वह्या ठेवत होता. अशा दोन वह्या आहेत, आणि आज त्या कोणालाही बघायला मिळतात. त्यात दोन प्रकारच्या याद्या आहेत, वाचायची पुस्तकं आणि वाचलेली पुस्तकं. अगदी आपल्यासारखं. काही नावांपुढे तो लिहून ठेवतो की हे नुसतं चाळलं. हे मला फार आवडलं, कारण मी चाळलेल्या पुस्तकालाही बेधडक ‘वाचलं’ म्हणून खूण करते. पुस्तकांचं त्याला सोवळं नव्हतं. त्याचा मुलगा फ्रान्सिस सांगतो की जाडजूड पुस्तक हातात धरायला जड पडलं, तर डार्विन ते सरळ मधून कापून दोन तुकडे करायचा. (अॅपवाल्यांनो, याची दोन धरायची का?)

आता या वहीतली एक नोंद बघा. १८३८ च्या ऑक्टोबरची सुरुवात. बीगल जहाजावरून परत येऊन दोन वर्षं झालीत, वय एकोणतीस, म्हणजे साधारण माझंच. वाचलेल्या पुस्तकांच्या यादीत एक ओळ येते, माल्थसचं लोकसंख्येवरचं पुस्तक. बस्स. वर एक पुस्तक, खाली एक पुस्तक, मध्ये माल्थस. पुढे आत्मचरित्रात डार्विन सांगतो की ते त्यानं सहज, करमणूक म्हणून हातात घेतलं होतं आणि ते वाचताना त्याला जगण्याच्या झगड्यातून अनुकूल बदल टिकतात आणि प्रतिकूल नाहीसे होतात ही गोष्ट एकदम सुचली. उत्क्रांतीचा अख्खा सिद्धांत ज्या धाग्यावर उभा राहिला तो हा. आणि यादीत त्याची किंमत किती? एक ओळ. शेजारच्या पुस्तकाचीही एक ओळ.

मी दिवसभर डेटाबेसमध्ये काम करते, त्यामुळे हे मला नको इतकं ओळखीचं वाटलं. टेबलमध्ये सगळ्या ओळी सारख्या. मोजणी केली की उत्तर येतं, पण कोणत्या ओळीनं काय केलं हे मोजणीत येत नाही.

डार्विनच्या गोष्टीचा दुसरा भाग उदास आहे. १८७६ मध्ये, सदुसष्टाव्या वर्षी, त्यानं घरच्यांसाठी आत्मचरित्र लिहिलं. त्यात एकीकडे तो म्हणतो की मी वाचून टिपणं काढलेल्या पुस्तकांची यादी बघितली की माझ्या उद्योगीपणाचं मलाच नवल वाटतं. आणि दुसरीकडे कबूल करतो की तिशीपर्यंत मला कवितेत गोडी होती, शेक्सपिअर आवडायचा, पण आता एक ओळ सहन होत नाही. त्याला वाटत होतं की आपलं मन म्हणजे माहितीचे ढीग दळून त्यातून नियम काढणारं यंत्र झालंय. पुन्हा जगायला मिळालं तर आठवड्यातून एकदा तरी थोडी कविता वाचायची आणि थोडं संगीत ऐकायचं असा नियम करीन, असं तो लिहितो. म्हणजे बघा, या माणसानंही शेवटी एक टार्गेट ठरवलं. आठवड्याला एकदा, थोडीशी कविता. फक्त वर्ष निघून गेलेलं होतं.

कादंबऱ्या मात्र त्याला शेवटपर्यंत आवडायच्या. घरचे मोठ्यानं वाचायचे, तो पडून ऐकायचा. शेवट वाईट होणाऱ्या कादंबऱ्यांविरुद्ध कायदाच करायला हवा, असं त्याचं मत. ऑडिओबुकला ‘हे काय वाचन आहे का’ म्हणणाऱ्यांनी डार्विनशी बोलून घ्यावं.

बरं, आता येरवडा.

१८९७ च्या सप्टेंबरमध्ये लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या पहिल्या खटल्यात दीड वर्षाची शिक्षा झाली. आधी मुंबईत भायखळ्याला आणि मग येरवड्याला त्यांना ठेवलं होतं. मॅक्समुल्लरनं त्यांच्यासाठी रदबदली केली आणि आपल्या ऋग्वेदाच्या आवृत्तीची प्रत पाठवली. तुरुंगात ती वाचायला रोज थोडा वेळ मिळायचा. त्या सक्तीच्या फुरसतीतून जे सुचलं त्याचं पुस्तक १९०३ मध्ये आलं, ‘आर्क्टिक होम इन द वेदाज’. आर्य उत्तर ध्रुवाकडून आले हा त्यातला सिद्धांत आज कोणी धरून बसत नाही, मीही नाही. पण एक पुस्तक, तेही अनेकदा वाचलेलं, पुन्हा वाचून त्यातून चारशेच्या वर पानांचा युक्तिवाद उभा करणं ही काय ताकद आहे, हे मान्य करावंच लागेल.

दुसऱ्या वेळी, १९०८ मध्ये, सहा वर्षं मंडाले. तिथे सुरुवातीला एका वेळी चारच पुस्तकं जवळ ठेवायची परवानगी होती. टिळकांनी सरकारकडे तक्रार केली, मग सगळी ठेवू दिली. सुटताना त्यांच्याजवळ तीन-साडेतीनशेच्या पुढे पुस्तकं साठली होती. जर्मन, फ्रेंच, पाली या भाषांचा अभ्यास त्यांनी तिथेच केला. लिहायला सुटे कागद नाहीत, तर पानांवर आकडे टाकलेल्या बांधीव वह्या, म्हणजे एकही पान बाहेर जाणार नाही. शाई नाही, फक्त शिसपेन्सिल. १९१०-११ च्या हिवाळ्यात साधारण पाच महिन्यांत त्यांनी ‘गीतारहस्य’ लिहून काढलं. पानं कोणी मोजली असतील तर ती तुरुंगवाल्यांनी.

आणि मग माझ्या बसच्या खिडकीतला मुख्य माणूस. १८ मार्च १९२२ ला अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा झाली. टिळकांइतकीच, आणि न्यायाधीशांनी निकाल देताना टिळकांच्या शिक्षेचा दाखला दिलाही होता. दोन-तीन दिवसांत त्यांना येरवड्याला आणलं. आता हा माणूस म्हणजे वाचनाच्या बाबतीत आपल्यासारखाच. तरुणपणी अभ्यास झाला, मग वकिली, मग चळवळ. वाचायला वेळ कुठला? वय बावन्न, हातात अचानक सहा वर्षं.

मग त्यांनी काय केलं असेल? जे आपण एक जानेवारीला करतो ते. वेळापत्रक आखलं. आत गेल्यावर महिनाभरातच हकीम अजमल खानांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी सांगितलंय की सहा तास वाचन-अभ्यास आणि चार तास सूतकताई-पिंजण. (ते पत्र सरकारनं पुढे जाऊच दिलं नाही.) उर्दू शिकायचं, तामिळ शिकायचं, संस्कृत पक्कं करायचं. आणि कोणतं पुस्तक संपलं याच्या नोंदी रोजनिशीत.

ती यादी वाचताना मजा येते. गिबनचा रोमन साम्राज्याचा प्रचंड इतिहास. गुजरातीतून अख्खं महाभारत. विल्यम जेम्स, बकल, एच. जी. वेल्स. गटेचा ‘फाउस्ट’. आणि त्यांच्याच रांगेत किपलिंगचं ‘जंगल बुक’, ज्यूल व्हर्न, ‘जेकिल अँड हाइड’. गीतेवर त्यांनी शंकराचार्य वाचले, ज्ञानेश्वर वाचले आणि टिळकही वाचले. म्हणजे मंडालेत पेन्सिलीनं लिहिलेलं पुस्तक येरवड्यात पोचलं. हे कळलं तेव्हा मी बसमध्ये एकटीच हसले, शेजारच्या टेस्टिंगवाल्या पोरानं वळून बघितलं.

एकूण सुमारे दीडशे पुस्तकं. मी लगेच हिशोब केला, सवयच आहे. मार्च १९२२ ते जानेवारी १९२४ म्हणजे बावीस महिने, महिन्याला जवळपास सात. माझ्या अॅपनं त्यांना वर्षाला ऐंशीचं टार्गेट हिरव्या रंगात दाखवलं असतं.

पण हिशोबाच्या पुढची गोष्ट अशी की ती योजना मोडली. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री अपेंडिक्ससाठी ससूनमध्ये तातडीचं ऑपरेशन झालं. मध्येच वीज गेली आणि शेवट कंदिलाच्या उजेडात उरकावा लागला. ५ फेब्रुवारीला सुटका. सहा वर्षांच्या वाचनातली दोनही पूर्ण झाली नाहीत. पुढे ‘यंग इंडिया’त तुरुंगाचे अनुभव लिहिताना त्यांनी या अर्ध्या राहिलेल्या अभ्यासाबद्दल लिहिलंय. आपण पन्नाशी उलटलेल्या, तब्येत खचलेल्या माणसासारखे नाही तर चोविशीतल्या पोराच्या उत्साहानं अभ्यासाला बसलो होतो, मिनिटामिनिटाचा हिशोब होता आणि शिक्षा पूर्ण झाली असती तर उर्दू, तामिळ बऱ्यापैकी येत असतं, अशा अर्थाचं. सुटका झालेला माणूस थोडा हळहळतोय! मला तो परिच्छेद वाचून ते एकदम जवळचे वाटले. डिसेंबर महिन्यात अर्धवट यादीकडे बघणारा कोणीही माणूस.

आणि त्या लेखांत ते काय सांगतात? दीडशे वाचली, असा टेंभा नाही. ते गिबन आणि महाभारत शेजारी शेजारी ठेवून बोलतात, इतिहास म्हणजे काय यावर. कुठल्या पुस्तकानं काय दिलं, कुठलं मनात राहिलं. यादी होती, पण तिच्या ओळी सारख्या नव्हत्या.

आता माझी यादी. खरं सांगते.

एकतीसपैकी नऊ पुस्तकं शंभर-सव्वाशे पानांच्या आतली, मुद्दाम निवडलेली. अकरा ऐकलेली, वेगानं. चार अशी की आज मला त्यांच्यात काय होतं ते आठवत नाही, आणि हे मी एका मैत्रिणीनं विचारल्यावर लक्षात आलं. ‘ते कसं होतं गं?’ म्हणाली. मी म्हटलं ‘छान होतं’ आणि विषय बदलला. गुडहार्ट नावाच्या ब्रिटिश अर्थतज्ज्ञानं १९७५ मध्ये पतधोरणाबद्दल एक निरीक्षण मांडलं होतं. आमच्या क्षेत्रात सगळ्यांना ते पाठ असतं: मोजमापालाच लक्ष्य केलं की ते मोजमाप कामाचं राहत नाही. कोडच्या ओळींवरून काम मोजलं की लोक ओळी वाढवतात. टेस्ट कव्हरेज मोजलं की काहीच न तपासणाऱ्या टेस्ट लिहितात. मी स्वतः मीटिंगमध्ये हे दोनदा सांगितलंय. आणि घरी येऊन नव्वद पानांची पुस्तकं शोधत होते.

यादीत नव्हतं ते एकच पुस्तक. श्री. ना. पेंडशांचं ‘तुंबाडचे खोत’, दोन खंड. बाबांनी जानेवारीत दिलं, स्वतःची प्रत, पाठीवर चिकटपट्टी लावलेली. आमचं गाव खेडपासून लांब नाही. जगबुडी बाबांनी लहानपणी पाहिलेली, त्यामुळे त्या पुस्तकावर त्यांचा जीव. फेब्रुवारीत फोनवर विचारलं, ‘सुरू केलंस का गं?’ म्हटलं, ‘करते बाबा, या महिन्यात.’ एप्रिलमध्ये विचारलं. गणपतीत गावी गेले तेव्हा जेवताना विचारलं. मी म्हटलं, ‘अहो, मोठं आहे ना, जरा सलग वेळ मिळू दे.’ ते ‘बरं बरं’ म्हणाले आणि ताटात आमटी वाढून घेतली. त्यानंतर त्यांनी विचारणं बंद केलं.

माझ्या डोक्यात मात्र सरळ हिशोब होता. एवढ्या पानांत माझी दहा पुस्तकं होतात. मोजून दोन धरली तरी परवडत नाही. वर्ष संपल्यावर बघू.

त्या ऑक्टोबरच्या संध्याकाळी बस सिग्नलला थांबली होती, तुरुंगाची भिंत बाजूला होती आणि मला बाबांचं ते ‘बरं बरं’ आठवलं. ते चौसष्ट वर्षांचे आहेत. मागच्या वर्षी एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं बाकी आहे. त्यांना ते पुस्तक मी संपवायला नको होतं, त्यांना त्यावर माझ्याशी बोलायचं होतं. त्यांच्या गावात त्या पुस्तकावर बोलणारं आता फारसं कोणी उरलेलं नाही.

मी आकडा काही बदलला नाही. तो पन्नासवरच ठेवला आणि वर्ष तेहतीसवर संपलं. अॅपनं डिसेंबरमध्ये रंगीत अहवाल पाठवला. त्यात सर्वात छोटं पुस्तक कोणतं, सर्वात मोठं कोणतं, असं सगळं होतं. सर्वात मोठं अर्थातच खोतांचं, पण तो फक्त पहिला खंड. दुसऱ्याच्या मी दोनशे बाराव्या पानावर आहे. बाबा रविवारी सकाळी फोन करतात, माझं किती झालं ते विचारतात आणि पुढचं सांगून टाकायचं नाही म्हणून स्वतःलाच आवरतात. मागच्या रविवारी आवरलं नाही, एका पात्राचं काय होतं ते बोलून गेले. मग आई मागून ओरडली. दीड तास फोन चालला होता.

यावर्षी किती वाचणार ते मी अजून टाकलेलं नाही. तुम्ही टाकलं असेल तर कळवा, आणि त्यातलं न आठवणारं कोणतं, तेही. पुढच्या भागात परत किल्ल्यांकडे जाऊ, रायगडावरच्या टाक्यांमधलं पाणी कसं साठवलं जायचं, यावर. तोपर्यंत नमस्कार.